नाताळची चांदणी, गव्हाण आणि घरची मुकी जनावरं

 

डिसेंबर लागला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, कितीतरी गावांत नाताळची लगबग सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे मासिक इथेच १८४२ साली निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचं या भागाशी घट्ट नातं होतं. त्यामुळे नाताळ हा आपल्याकडे परका सण नाही. आमच्या प्रभागातल्या बऱ्याच गटांत ख्रिस्ती भगिनी आहेत. दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी जातो, नाताळच्या करंज्या, लाडू आणि केक आपल्या घरी येतात. चांदणी बांधायला, गव्हाण सजवायला गल्लीतल्या सगळ्या पोरी गोळा होतात, त्यात कोण कुठल्या धर्माची हे कुणी विचारत नाही.

आजचा विषय आहे घरच्या घरी हाताने केलेली नाताळची सजावट, आणि ती करताना घरातल्या मुक्या जीवांची घ्यायची काळजी. आपल्या घरात मांजर असतं, दारात कुत्रा असतो, अंगणात कोंबड्या, मागे शेळ्या आणि गाय. सण आपला, पण घर त्यांचंही आहे. आणि मैत्रिणींनो, शेळी ही आपल्यासाठी नुसतं पाळलेलं जनावर नसते. ती गटाच्या कर्जातून घेतलेली असते. सणाच्या गडबडीत ती दगावली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

या सणात जनावरांचं स्थान

नाताळच्या कथेची सुरुवातच गोठ्यापासून होते. लूकच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे की उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेनं बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं. ही वार्ता पहिल्यांदा कळली ती रात्री कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना. म्हणजे आपल्या नगर-पारनेरच्या माळावर रात्री वाघूर लावून बसणाऱ्या धनगरांसारख्याच माणसांना.

गव्हाणीजवळ आपण बैल आणि गाढव मांडतो. शुभवर्तमानाच्या त्या कथेत त्यांचा उल्लेख नाही, ते परंपरेनं आले. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ सालच्या नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरं गवत आणि खरे बैल-गाढव आणून हा देखावा उभा केला. गरीब, न शिकलेल्या माणसांनाही ती रात्र डोळ्यांनी दिसावी हा त्यांचा हेतू होता. पुढे हा देखावा जगभर पसरला. वसईत त्याला नाताळगोठा म्हणतात आणि तिथे गल्लीगल्लीत गोठे मांडले जातात. गोव्यात घरासमोर मोठाली नखेत्रं, म्हणजे चांदण्या, लटकतात. आपल्याकडे चर्चच्या आवारात आणि घराच्या पडवीत गव्हाण मांडतात.

मग ज्या सणाच्या मुळाशीच गोठा आहे, त्या सणात आपल्या गोठ्यातल्या जिवाला त्रास होता कामा नये, एवढं साधं आमचं म्हणणं आहे.

आधी काय वापरायचं नाही ते ठरवू

बाजारात या दिवसांत चकाकणारी चमकीची माळ मिळते. ती स्वस्त असते, पण मांजर असलेल्या घरात ती आणू नये. हलणारी, चमकणारी दोरी दिसली की मांजर तिच्याशी खेळतं, चावतं आणि गिळतं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. असा लांब दोरा आतड्यात अडकला की आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. ओढला तर आतून इजा होते. तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

दुसरी वस्तू थर्माकोल. सजावटीसाठी थर्माकोल वापरायला आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी जुने तुकडे घरात निघतात आणि त्यांचाच बर्फ केला जातो. कोंबड्या ते पांढरे दाणे टिपतात. शेळ्या चघळतात. ते पचत नाही, पोटात साठतं. बर्फच हवा असेल तर घरचा कापूस पिंजून चांगला दिसतो, पण तोही जनावराच्या तोंडाला येणार नाही असा उंचावर लावा.

तिसरी वस्तू तार, टाचणी आणि स्टेपलरची पिन. गाय आणि म्हैस चारा ओठांनी निवडून खात नाहीत, जिभेनं ओढून तसाच गिळतात. चाऱ्यात पिन किंवा तारेचा तुकडा असला तर तो सरळ पोटात जातो. पोटाच्या ज्या कप्प्यात तो अडकतो तो हृदयाच्या अगदी जवळ असतो. तार टोचत टोचत हृदयापर्यंत पोचते आणि जनावर हळूहळू खंगत जातं. शेळी निवडून खाते, म्हणून तिला हा धोका कमी, पण नाहीच असं नाही. म्हणून आपल्या सजावटीत तार नको, पिन नको. सुतळी, सुती दोरा आणि खळ एवढ्यात सगळं काम होतं.

चौथी गोष्ट मिठाच्या कणकेची खेळणी. हल्ली शाळेत मुलांना मैदा आणि भरपूर मीठ मळून चांदण्या, घंटा करायला शिकवतात. दिसतात छान. पण कुत्र्यानं त्या खाल्ल्या तर एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी शेतातली काळी माती किंवा शाडू घ्या.

पाचवी गोष्ट पानाफुलांची. तोरणाला कण्हेर लावू नका. कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच विषारी आहे. सुकलेली पानंसुद्धा गाय-शेळीला मारू शकतात. सण संपल्यावर तोरण उकिरड्यावर जातं आणि तिथे जनावर तोंड घालतं. घाणेरी, धोत्रा आणि रुईसुद्धा टाळा. लालपत्ती, जिची वरची पानं या दिवसांत लालभडक होतात, ती तेवढी घातक नाही. तिच्या चिकानं तोंडाची आग होते, लाळ गळते. ती कुंडीत उंचावर ठेवली तर चालेल. झेंडू वापरला तर चालेल.

चांदणी कशी बांधायची

दिवाळीला आपण आकाशकंदील बांधतोच. चांदणी म्हणजे त्याचीच बहीण. बेथलेहेमच्या ताऱ्याची ती खूण म्हणून घरावर लावतात.

साहित्य असं लागतं: दोन फूट लांबीच्या दहा बांबूच्या कामट्या, बोटाएवढ्या रुंद आणि तासून गुळगुळीत केलेल्या. पाच इंच लांबीच्या पाच काड्या. सुती दोरा. पतंगाचा कागद. खळ. बुरूडकाकांकडे कामट्या मिळतात, जुनी टोपली किंवा तट्ट्या मोडूनही निघतात.

पहिली पायरी. पाच कामट्या घ्या आणि जमिनीवर चांदणी मांडा, मुलं पाटीवर हात न उचलता पाच रेघांची चांदणी काढतात तशी. एक कामटी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून गेली की सांगाडा घट्ट बसतो. पाचही टोकं दोऱ्यानं बांधा. दुसऱ्या पाच कामट्यांची अशीच दुसरी चांदणी करा. दोन्ही सारख्या मापाच्या हव्यात, म्हणून सगळ्या कामट्या एकदम मोजून कापा.

दुसरी पायरी. एक चांदणी दुसरीवर ठेवा आणि पाचही टोकं एकमेकींना बांधा. मध्ये कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाच जागा मिळतील. प्रत्येक जागी दोन्ही चांदण्यांच्या मधे एक छोटी काडी उभी बसवा आणि दोऱ्यानं बांधा. आता चांदणी फुगते, तिला पोट येतं. हीच सगळ्या कामाची किल्ली आहे. काडी सुटू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना सुरीनं थोडी खाच पाडा, कामटी त्या खाचेत बसते.

तिसरी पायरी कागदाची. पुढून मधला पंचकोन आणि पाच टोकं, बाजूनं दहा चिंचोळे त्रिकोण, मागून पुन्हा पाच टोकं. कागद मापापेक्षा अर्धा इंच जास्त कापा आणि तो जास्तीचा भाग कामटीवर दुमडून चिकटवा. मागचा मधला पंचकोन उघडा ठेवा. तिथून बल्ब आत जातो आणि ऊब बाहेर पडते.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवा, वाटीभर उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. आपण घालायचा नाही. मोरचूद हे तांबं आहे आणि ते जनावरांना विषारी असतं, मेंढीला तर फारच थोड्यात बाधतं. खळ लावलेला कागद शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या चांदणीला महिनाभर टिकायचं आहे, मोरचुदाशिवाय ती टिकते.

आत एलईडीचा लहान बल्बच लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेटतो. मेणबत्ती किंवा पणती आत मुळीच नको. वायरचा जोड उघडा असेल तर त्यावर टेप गुंडाळा. कुत्र्याच्या पिल्लाला दात येत असतात तेव्हा ते हाती लागेल ते चावतं, वायरसुद्धा. म्हणून वायर भिंतीवरून उंच न्या, जमिनीवरून लोळत जाऊ देऊ नका. चांदणी माणसाच्या डोक्यापेक्षा बरीच उंच टांगा, कारण शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून तोंड कुठवर नेते हे बाभळीखाली आपण रोज बघतो.

झाड आणि बाकीची सजावट

कोकणात, वसईत नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदी आणतात. आपल्याकडे सुरू नसला तर बाभळीची किंवा बोराची वाळलेली फांदी घ्या, तिला चुना लावून पांढरी करा आणि मातीनं भरलेल्या डब्यात उभी रोवा. चुना पूर्ण वाळेपर्यंत जनावरांपासून लांब ठेवा. डब्यात दोन दगड घाला, म्हणजे मांजर चढलं तरी झाड कलंडत नाही. मांजर चढणारच, हे धरूनच चालायचं. त्यामुळे खालच्या फांद्यांवर कापडी आणि लाकडी वस्तू लावा, काचेचे गोळे आणूच नका.

कशाकशाच्या वस्तू होतात बघा. मक्याच्या कणसाची वाळलेली सालं पाण्यात भिजवली की मऊ होतात. त्यांची फुलं आणि देवदूत होतात. पोटाला दोरा बांधला की पंख वेगळे काढता येतात. नारळाच्या करवंटीला दोन भोकं पाडून उलटी टांगली की घंटा होते. जुन्या साडीचे काठ कापून तोरण होतं. गोणपाटाच्या पिशवीचे मोजे शिवता येतात, त्यात मुलांसाठी खाऊ ठेवायचा. ज्वारीच्या ताटाच्या आतल्या भेंडाच्या चांदण्या होतात, त्या इतक्या हलक्या असतात की वाऱ्यावर फिरतात. यातलं काहीही चुकून शेळीनं खाल्लं तरी फारसं बिघडत नाही, फक्त दोरा आणि कापड तेवढं तिच्यापासून सांभाळायचं.

गव्हाण

गव्हाण मांडायला लाकडी खोकं, वाळलेलं गवत आणि मातीच्या मूर्ती लागतात. काळी माती चाळून, थोडा भुसा घालून मळली की मूर्तीला तडे कमी जातात. सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही. मुलांना आपलीच जनावरं करायला सांगा. आमच्या एका गावात गव्हाणीपुढे गाढवाशेजारी उस्मानाबादी शेळी आणि गावठी कोंबडा उभा असतो. बघायला येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो.

गव्हाणीपुढचं हिरवं शेत खरंच उगवता येतं. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवा, एक दिवस ओल्या फडक्यात बांधून मोड आणा आणि ताटलीत माती-शेणखतावर पसरा. रोज थोडं पाणी शिंपडा. आपल्याकडे डिसेंबरात गारठा असतो, म्हणून दहा-बारा दिवस धरून चाला. १२-१३ तारखेला पेरलं तर २४ तारखेला हिरवंगार दिसतं. बियाणं दुकानातलं घेऊ नका. त्याला औषध लावलेलं असतं, रंगही लाल-गुलाबी असतो. घरच्या कणगीतलं धान्य घ्या. म्हणजे सण झाल्यावर तो हिरवा चारा शेळी-कोंबड्यांना निर्धास्तपणे देता येतो.

मांजर गव्हाणीत जाऊन झोपलं तर झोपू द्या. उबेला येतं बिचारं. फक्त गवताजवळ मेणबत्ती ठेवू नका. प्रार्थनेच्या वेळी लावायची असेल तर पाण्याच्या परातीत उभी करा आणि उठताना विझवा.

फराळ कुणाला काय बाधतं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सजावटीपेक्षाही जास्त घात सणाचं उरलेलं अन्न करतं.

आमच्या एका गटातल्या ताईंनी गटाच्या कर्जातून दोन शेळ्या घेतल्या होत्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या जेवणाचा भात उरला. अन्न वाया जाऊ नये म्हणून घरातल्या कुणीतरी चांगल्या मनानं पाटीभर भात शेळ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो आवडीनं खाल्ला. संध्याकाळी एकीनं रवंथ बंद केलं, रात्री ती दात खात बसली, सकाळी उठलीच नाही. ती गाभण होती. दुसरी डॉक्टरांच्या उपचारानं वाचली. ताई पुढच्या बैठकीला आल्या, हप्ता भरला आणि म्हणाल्या, “हे सगळ्यांना सांगा.” म्हणून सांगतो आहोत.

हे का होतं ते समजून घ्या. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या मोठ्या पोटात चारा आंबवणारे बारीक जंतू असतात. त्यांना वैरणीची सवय असते. एकदम भरपूर भात, पोळ्या, पीठ, गोड पदार्थ किंवा धान्य पोटात गेलं की दुसऱ्या जातीचे जंतू वाढतात आणि पोटात आम्ल तयार होतं. पोट काम करणं थांबवतं, आम्ल रक्तात उतरतं आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. रोज भरडा खाणाऱ्या जनावरालाही अचानक वाढवलेला भरडा बाधतो.

लक्षणं अशी: रवंथ थांबणं, चारा न खाणं, डावी कूस फुगणं किंवा पोट पाण्यासारखं डुचमळणं, दात खाणं, पातळ आंबूस हगवण, सुस्ती, उभं राहता न येणं. यातलं काही दिसलं की धान्य-भात बाजूला करा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. सकाळपर्यंत वाट बघू नका. तेल, ताक, सोडा असं काहीही नळीनं किंवा बाटलीनं जबरदस्तीनं पाजू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. औषध किती आणि कसं हे डॉक्टर सांगतील.

उपाय सोपा आहे. उरलेलं अन्न मूठभरापेक्षा जास्त कुणाही जनावराला देऊ नका. बाकीचं खताच्या खड्ड्यात घाला आणि वर माती टाका. धान्याच्या पोत्याच्या खोलीला कडी लावा, कारण पाहुण्यांच्या गर्दीत शेळी आत शिरलेली कुणाला दिसत नाही.

आता कुत्र्याचं. केकमधले मनुके, बेदाणे आणि नुसती द्राक्षंसुद्धा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा अंदाज देता येत नाही, म्हणून मुळीच देऊ नये. चॉकलेट बाधतं, गडद चॉकलेट जास्त बाधतं. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजराचं रक्त कमी होतं, म्हणून मटणाचा रस्सा त्यांना नको. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं, कोंबडीचं तर हमखास. कुत्र्यालाही सण करायचाच असेल तर रस्सा करण्याआधी दोन तुकडे बिनमसाल्याचे, बिनहाडाचे वेगळे उकडा आणि भाकरीत कुस्करून द्या. कोंबड्यांना खारट फरसाण, चकलीचा चुरा घालू नका.

कुत्र्यानं काही भलतंच खाल्लं तर उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, मीठच त्याला मारू शकतं. आणि आपली तापाची गोळी कुत्र्या-मांजराला कधी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला अगदी थोडीही घातक ठरते.

आवाज, गर्दी आणि थंडी

२४ तारखेच्या मध्यरात्री आणि ३१ तारखेला फटाके वाजतात. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. तो घाबरून दोर तोडून पळतो आणि मग सापडत नाही. त्या दोन रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवा, अंथरायला गोणपाट द्या, दार लावून घ्या. गाभण गाई-शेळ्या रस्त्याच्या बाजूला बांधू नका. फटाके फोडणाऱ्या मुलांना गोठ्यापासून लांब, मोकळ्या मैदानावर न्या.

घरात पाहुणे येतात, पाहुण्यांची मुलं अनोळखी कुत्र्याला मिठी मारायला जातात. कुत्रा जेवत असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी सांगा. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्या. तरीही कुणाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. पाळलेला आहे, काही होत नाही, असं म्हणून घरी बसू नका.

थंडीत करडं, कोंबडीची पिल्लं गारठतात. त्यांना कोरडं पाचट आणि गोणपाट द्या. पण बंद खोलीत पेटती शेगडी ठेवू नका. कोळशाचा जो वायू निघतो त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस आणि जनावर दोघं जातात. शेगडी बाहेर, ऊब पाचटाची, हे सूत्र ठेवा.

जनावराला काही झालं तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा टोल-फ्री नंबर आहे. तो आणि आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर खडूनं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. मोबाईलमध्ये असलेला नंबर ऐन वेळी घरातल्या आजींना सापडत नाही, दारावरचा सापडतो.

गटासाठी थोडं कामाचं

ज्या गटांनी आकाशकंदील केले आहेत त्यांना चांदणी जड नाही. बांबू तोच, हात तोच. दिवाळी संपली की लगेच चर्चमध्ये, शाळांत आणि तालुक्याच्या दुकानांत विचारून ठेवा, कारण नोव्हेंबर संपेपर्यंत मागणी ठरलेली असते. ख्रिस्ती भगिनींच्या घरी आगमनकाळ म्हणजे नाताळआधीचे चार रविवार असतात. पहिल्या रविवारच्या आत चांदण्या तयार हव्यात.

किंमत लावताना आपण नेहमी एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे आपली मजुरी. समजा कामट्या, कागद, दोरा मिळून साठ रुपये लागले आणि बांधायला दोन तास गेले. मग साठ रुपयांत दोन तासांची मजुरी, वाहतूक आणि गटाचा थोडा नफा घातल्यावरच भाव ठरवा. “घरीच तर केली,” असं म्हणून साहित्याच्या भावात देऊन टाकू नका. आणि विकताना सांगा की हिच्यात तार नाही, पिन नाही, थर्माकोल नाही, मोरचूद नाही. ज्याच्या दारात गाय आहे त्याला या बोलण्याची किंमत कळते.

सण संपल्यावर

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की बरेच जण सजावट उतरवतात. उतरवतानाही शिस्त हवी. चांदणीचा कागद काढा आणि सांगाडा पोटमाळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी नुसता कागद लावायचा. दोऱ्याचे तुकडे, कापडाच्या चिंध्या, खाऊचे कागद, केकच्या प्लास्टिकच्या पिशव्या एका पोत्यात गोळा करा. उकिरड्यावर फेकलेली पिशवी गाईच्या पोटात जाते, कारण तिला आतल्या अन्नाचा वास येतो. ती पिशवी पोटातून कधीच बाहेर पडत नाही. अंगण झाडून झालं की गोठा आणि गव्हाणी हातानं चाचपून बघा, एखादी पिन किंवा तार राहिली असेल तर तेव्हाच सापडेल.

जाता जाता थोडक्यात पुन्हा सांगतो. चमकी, थर्माकोल, तार, पिन आणि कण्हेर नको. बांबू, कागद, माती, मक्याची सालं आणि जुनी साडी घ्या. खळीत मोरचूद नको. उरलेला भात शेळी-गाईला नको, केक आणि हाडं कुत्र्याला नकोत. फटाक्यांच्या रात्री कुत्रा घरात. १९६२ नंबर गोठ्याच्या दारावर.

पुढच्या गटाच्या बैठकीत हा विषय वाचून दाखवा. ज्या ताईंकडे नाताळ आहे त्यांना चांदणी बांधायला मदतीला जा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी आपल्या मुलांना शिकायला पाठवा. सगळ्या ख्रिस्ती भगिनींना आणि त्यांच्या शेजारणींना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. माणसं सुखी राहोत, जनावरं धडधाकट राहोत. नमस्कार.